फुकटच्या जळणाचा हिशेब

मे महिन्यातल्या एका वळवाच्या पावसात आमच्या साताऱ्याच्या गल्लीतला गुलमोहर आडवा झाला. करवतवाले येऊन बुंधा कापून गेले आणि संध्याकाळपर्यंत रस्त्यावर भुसा आणि लाल पाकळ्या तेवढ्या उरल्या. फांद्या कुणी, कधी, कुठं नेल्या कळलंच नाही. शेजारच्या मावशींनी मात्र उघडपणे चार खेपा केल्या आणि अंगणात कमरेएवढा ढीग घातला. घाम पुसत म्हणाल्या, "दिवाळीपर्यंतच्या आंघोळीच्या पाण्याची सोय झाली बघा. फुकटात."

त्यांच्या घरी गॅस आहे. आमच्याकडे बहुतेक घरी आहे. स्वयंपाक गॅसवर आणि पाणी बंबात किंवा मागच्या चुलीवर, अशी वाटणी सातारा-सांगलीत अजून सर्रास दिसते. सिलिंडर महागला की ही वाटणी सरकते: आधी पाणी चुलीवर जातं, मग डाळ, मग भाकरी. अशा वेळी सरपण खरंच किती स्वस्त पडतं आणि त्याचा धूर किती वाईट, यावर घरोघरी वाद होतात. दोन्ही बाजू ठासून बोलतात, पण आकडे कुणीच मांडत नाही. म्हणून हा खटाटोप.

## आधी माप ठरवू

एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला जेवढी उष्णता लागते, तिला एक किलोकॅलरी म्हणतात. आपण तिला 'उष्मांक' म्हणू. शास्त्राचा एवढा एक शब्द लक्षात ठेवला की पुढचा हिशेब बोटांवर होतो.

घरात पाच माणसं, प्रत्येकाला वीस लिटरची बादली, म्हणजे शंभर लिटर पाणी. ते वीस अंशांनी तापवायचं तर १०० गुणिले २०, म्हणजे दोन हजार उष्मांक लागतील.

आता जळणाकडे बघू. चांगल्या वाळलेल्या एक किलो लाकडात साधारण ३,५०० उष्मांक असतात, तर एक किलो गॅसमध्ये साधारण ११,०००. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो, म्हणजे दीड लाखाच्या थोडं वर.

## विहिरीत किती आणि पिकाला किती

मोटार लावून विहिरीतून पाणी सोडलं तरी ते सगळं पिकाला मिळत नाही. कच्च्या पाटानं नेलं तर निम्म्याहून जास्त वाटेतच मुरतं आणि ठिबकनं दिलं तर बरंचसं मुळाशी पोचतं. जळणाचंही तसंच आहे.

तीन दगडांची किंवा साधी मातीची चूल म्हणजे कच्चा पाट. लाकडातल्या शंभर उष्मांकांपैकी भांड्यात पोचतात जेमतेम बारा-तेरा. बाकीचे चुलीच्या भिंती तापवतात, वाऱ्यावर जातात, नाहीतर धूर होऊन छताला लागतात. गॅसच्या चांगल्या शेगडीत शंभरातले पासष्टच्या आसपास भांड्यात जातात.

म्हणजे एका सिलिंडरमधून प्रत्यक्ष कामाला येतात साधारण एक लाख उष्मांक, आणि एक किलो वाळलेल्या लाकडातून साध्या चुलीवर साधारण साडेचारशे. भागाकार केला की सव्वादोनशे किलो येतात. एक सिलिंडर म्हणजे सव्वादोनशे किलो वाळलेलं लाकूड. मोळी पंचवीस किलोची धरली तर नऊ मोळ्या.

सिलिंडर नऊशे रुपयांना धरा. नऊशेला सव्वादोनशेनं भागलं की चार रुपये. म्हणजे वखारीत लाकूड चार रुपये किलोपेक्षा महाग मिळत असेल, तर विकतचं लाकूड साध्या चुलीत जाळणं गॅसपेक्षा महाग पडतं. उज्ज्वलाच्या सिलिंडरला अनुदान मिळतं, त्यामुळे तिथं ही रेघ आणखी खाली येते. तुमच्या गावच्या वखारीतला दर विचारा आणि ताडून बघा. हा भागाकार पहिल्यांदा केला तेव्हा मी स्वतः पुन्हा एकदा तपासून घेतला होता.

बंबाचं गणित थोडं वेगळं आहे. त्यात जाळ मधल्या नळकांड्यात असतो आणि पाणी त्याच्या चारी बाजूंनी, त्यामुळे चुलीपेक्षा बरीच जास्त उष्णता पाण्याला लागते. आपल्या आज्यांचा तांब्याचा बंब ही खरोखर हुशार वस्तू होती. भंगारात घालण्याआधी एकदा विचार करा.

## ओलं लाकूड म्हणजे पाणी उकळणं

वरचा सगळा हिशेब वाळलेल्या लाकडाचा झाला. गोळा केलेलं लाकूड मात्र बहुतेक वेळा ओलसर असतं, आणि खरी गोम तिथंच आहे.

नुकत्याच पडलेल्या झाडाच्या लाकडात वजनाच्या निम्मं पाणी असू शकतं. असं एक किलो लाकूड चुलीत घातलं तर अर्धा किलोच जळतं. ते अर्धा किलो अगदी कोरडं धरलं तर त्यात २,२०० च्या आसपास उष्मांक असतात (वरच्या ३,५०० वाल्या वाळलेल्या लाकडातही थोडी ओल उरलेलीच असते). उरलेल्या अर्ध्या लिटर पाण्याची आधी वाफ करावी लागते आणि तिला तीनशेच्या आसपास उष्मांक जातात. हातात राहतात १,९०० च्या आसपास, म्हणजे वाळलेल्या लाकडाच्या साधारण निम्मे.

पण उष्णता निम्मी होण्यापेक्षा मोठं नुकसान म्हणजे जाळ थंड पडतो. कऱ्हाडकडच्या गुऱ्हाळावर कधी थांबला असाल तर बघा, चरकातून निघालेली चिपाडं कुणी लगेच चुलवाणात सारत नाही. ती उन्हात पसरतात, कडक वाळवतात आणि मगच आत घालतात. ओल्या चिपाडावर काहिलीला उकळी फुटत नाही, हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. घरच्या चुलीला मात्र आपण फुंकणीचा जोर लावून ओलं लाकूड खपवतो.

## धूर कुठून येतो?

लाकूड जळतं म्हणतो, पण नुसतं लाकूड थेट जळत नाही. तापलं की आधी त्यातलं पाणी जातं. मग त्यातून वायू सुटतात आणि वाळल्या लाकडाच्या वजनाचा बराच मोठा भाग या वायूंचाच असतो. आपल्याला दिसणारी पिवळी ज्वाळा म्हणजे हे वायू पेटलेले. ते संपले की उरतो कोळसा, म्हणजे निखारा.

जाळ पुरेसा गरम असला आणि हवा नीट मिळाली तर वायू पूर्ण जळतात आणि धूर जवळपास दिसत नाही. जाळ थंड पडला तर ते अर्धवट जळून बाहेर पडतात. धूर म्हणजे न जळलेलं जळण. डोळ्यांत जाते ती आपलीच मोळी.

या धुरात दोन गोष्टी घातक असतात. एक म्हणजे अतिसूक्ष्म कण, ज्यांना पीएम २.५ म्हणतात. अडीच मायक्रॉन किंवा त्याहून लहान, म्हणजे डोक्याच्या केसाच्या जाडीच्या पंचविसाव्या-तिसाव्या हिश्श्याएवढे. मोठी धूळ नाकात अडकते, शिंकून-खोकून बाहेर जाते. हे कण थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात. दुसरी म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, त्याच्याकडे पुढे येऊ.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शक मर्यादेनुसार चोवीस तासांच्या सरासरीनं हवेत हे कण घनमीटरला १५ मायक्रोग्रॅमच्या आत असावेत. आपल्या देशाची मर्यादा ६० आहे. चूल पेटलेली असताना बंद स्वयंपाकघरात हे प्रमाण कित्येक शेकड्यांवर, कधी हजारांवर जातं. हे मोजायचं सुरुवातीचं महत्त्वाचं काम आपल्याकडे झालं. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकन संशोधक कर्क स्मिथ आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी गुजरातच्या खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावर उपकरणं लावून त्यांच्या श्वासात किती धूर जातो ते बघितलं. तोवर प्रदूषण म्हणजे कारखान्याची चिमणी, असंच जग धरून चाललं होतं.

जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज असा आहे, की घरातल्या धुरामुळे २०२० या एका वर्षात जगात ३२ लाख माणसं अकाली गेली. दम्यासारखा दिसणारा पण न उलटणारा फुप्फुसाचा जुना आजार, हृदयविकार, पक्षाघात, फुप्फुसाचा कर्करोग, लहान मुलांचा न्यूमोनिया ही त्यामागची कारणं. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं २०१० मध्ये घरातल्या लाकडासारख्या जळणाच्या धुराला 'बहुधा कर्करोगकारक' या गटात टाकलं.

## "आमची आजी नव्वद वर्षं जगली, जन्मभर चुलीपुढे"

हे मला प्रत्येक वेळी ऐकवलं जातं आणि ते खोटं नसतं. माझीही आजी जगली. फक्त ज्या लवकर गेल्या त्यांच्या गोष्टी सांगायला कुणी बसत नाही. 'दम्यानं गेली', 'छातीत कफ झाला' एवढ्यावर ती नोंद संपते.

दुसरं म्हणजे आजीचं घर कौलारू होतं. कौलांच्या फटींतून धूर वर निघून जायचा आणि पहाटे लांबून बघितलं तर सगळ्या गावाच्या छपरांतून वाफा निघाल्यासारखं दिसायचं. स्वयंपाकघराला उंच आढं आणि मागचं दार. गेल्या तीस-चाळीस वर्षांत आपण त्यावर स्लॅब टाकला, खिडक्या सरकत्या काचेच्या केल्या, फटी सिमेंटनं बुजवल्या, आणि चूल मात्र होती तशीच मागच्या पडवीत, तीही आता बंदिस्त. त्या धुराला आता वर जायला वाटच नाही. नव्या घरातली जुनी चूल ही जुन्या घरातल्या जुन्या चुलीपेक्षा जास्त वाईट.

धुरानं वासे टिकायचे, डास कमी व्हायचे, हेही खरं. पण जो धूर वाळवीला मानवत नाही, तो आपल्याला मानवेल कसा?

## सगळी लाकडं सारखी नसतात

गोळा केलेल्या जळणातला सगळ्यात कमी बोलला जाणारा भाग हा. रानातल्या काटक्या आणि गल्लीत सापडलेलं लाकूड यांत फार फरक आहे.

बाभूळ, वेडी बाभूळ, सुबाभूळ, चिंच, बोर हे उत्तम जळण. जाळ चांगला, निखारा टिकाऊ. माण, खटाव, जत, आटपाडीकडे वेडी बाभूळ मुबलक, तोडताना काट्यांना तेवढं जपायचं. तुराट्या, पऱ्हाट्या भुर्रकन जळतात, पेटवायला छान. बिब्ब्याचं लाकूड मात्र चुकूनही जाळू नका. त्याचा चीक अंगावर 'उततो' हे कोयनेकडच्या कुणालाही सांगायला नको, आणि त्याचा धूरही अंगावर येतो. शेराचा चीक डोळ्याला घातक, कण्हेर तर मुळापासून पानापर्यंत विषारी. कुंपण तोडलं की या दोन्हींच्या फांद्या सहज ढिगात मिसळतात. तेवढ्या निवडून काढा.

तासगाव, कवठेमहांकाळ, मिरजेच्या पट्ट्यात द्राक्षाच्या छाटणीच्या काड्या हे हुकमी सरपण. एप्रिल छाटणी, ऑक्टोबर छाटणी, दोन्ही वेळा बांधावर ढीग लागतात. काडी बारीक, लवकर वाळते, झटकन पेटते. पण त्या वेलीवर हंगामभर मोरचुदासकट कितीतरी फवारण्या झालेल्या असतात. उघड्यावर पाणी तापवायला वापरा हवं तर. तिच्या निखाऱ्यावर भाकरी फुगवू नये, असं माझं मत.

आता गल्लीतलं लाकूड. जुन्या वाड्याचं दार, खिडकी, पाट, पलंगाचे खूर. सागवान आहे, कडक वाळलेलं आहे, मोह होतो. पण त्यावर रंगाचे चार-पाच थर असतात, आणि जुन्या तेलरंगांत शिसं असायचं. घरगुती रंगातल्या शिशाची मर्यादा आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून दहा लाखांत ९० भाग इतकी खाली आणली, त्याआधीच्या रंगाची खात्री देता येत नाही. शिसं जळून नाहीसं होत नाही. काही धुरात जातं, बाकी राखेत राहतं, आणि लहान मुलांच्या मेंदूला ते सगळ्यात जास्त बाधतं.

प्लायवूड आणि सनमायका लावलेले तुकडे म्हणजे लाकूड कमी, डिंक जास्त. त्या डिंकात फॉर्मल्डिहाइड असतं आणि धूर डोळ्यांना असा झोंबतो की ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. कुपवाड, मिरज, शिरवळच्या एमआयडीसीतून येणारी खोकी आणि पॅलेट बघून घ्या. परदेशातून माल घेऊन आलेल्या पॅलेटवर कणसाच्या चित्राचा शिक्का असतो. त्यात 'एचटी' असेल तर लाकडाला नुसती उष्णता दिलेली असते. 'एमबी' असेल तर मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली असते, ते सोडून द्या. रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर डांबरी तेलात मुरवलेले असतात. हिरवट झाक असलेल्या मुरवलेल्या खांबांत आर्सेनिक असू शकतं. हे दोन्ही फुकट काय, वर पैसे दिले तरी घरात आणू नका.

आणि पेटवायला प्लॅस्टिकची पिशवी किंवा टायरचा तुकडा नको. रॉकेल मिळेनासं झाल्यापासून ही सवय फार बोकाळली आहे. वाळलेली नारळाची शेंडी, तुराटी, शेणीचा तुकडा, हे सगळं तेच काम करतं.

## राख कुठं जाते ते बघा

आपल्याकडे राख फेकत नाहीत. भांडी घासतात, परसातल्या मेथीला घालतात, तूर-मटकी किडू नये म्हणून राख लावून ठेवतात. रानच्या लाकडाची राख असेल तर या गोष्टी अगदी शहाणपणाच्या. पण काल चुलीत रंगीत दाराची चौकट गेली असेल, तर आज तिचं शिसं ताटाला, भाजीला आणि मटकीला लागलं. धूर निदान दिसतो, राखेचा कुणाला संशयही येत नाही.

आणखी एक गोष्ट, रात्री विझलेली वाटणारी राख सकाळीही आत धगधगत असते. उकिरड्यावर टाकण्याआधी पाणी शिंपडा. कडब्याच्या गंजी अशाही पेटतात.

## बंद खोलीतली शेगडी

महाबळेश्वर-पाचगणीच्या थंडीत निखाऱ्यांची शेगडी खोलीत घेऊन दार लावून झोपायचा मोह होतो. निखाऱ्यांना धूर नसतो, म्हणून ते निर्धोक वाटतात. इथं कार्बन मोनॉक्साइडचा मुद्दा येतो.

या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तात प्राणवायू वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. एसटीत प्रवासी चढायच्या आधीच कुणीतरी सगळ्या सीटवर रुमाल टाकून ठेवावेत, तसं होतं. गाडी सुटते, पण ज्याला न्यायचं तो खालीच राहतो. डोकं जड होतं, मळमळतं, झोप येते. झोपच येते म्हणून माणूस उठून दार उघडत नाही. त्यामुळे शेगडी अंगणात, आणि झोपायच्या खोलीत कधीच नाही. बंद बाथरूममधल्या गॅस गिझरलाही हेच लागू आहे, तिथं लाकूड नाही म्हणून निश्चिंत राहू नका.

## मोळीचा रोज कुणी धरला?

पुन्हा पैशाकडे येऊ. एक सिलिंडर म्हणजे नऊ मोळ्या. एका मोळीला जाणं, वेचणं, बांधणं, डोक्यावर आणणं, फोडणं यात अर्धा दिवस मोडतो असं धरू. नऊ मोळ्यांचे साडेचार दिवस. बाईचा शेतातला रोज तीनशे रुपये धरला तरी साडेतेराशे होतात. नऊशेच्या सिलिंडरला साडेतेराशेचे कष्ट, वर मान आणि कंबर.

यावर उत्तर येतं, "पण रोज काम कुठं मिळतं?" बरोबर आहे. मार्चनंतर दुष्काळी पट्ट्यात बाईच्या मोकळ्या दुपारीला बाजारभाव नसतो. आणि नऊशे रुपये एकरकमी द्यावे लागतात, मोळी मात्र रोज थोडी थोडी आणता येते. त्यामुळे 'गॅस परवडत नाही' म्हणणारी बाई हिशेबात चुकत नाही. तिच्या हातात रोख नसते, वेळ असतो, आणि ती आहे ते खर्च करते. चुकतात ते घरातले बाकीचे, जे त्या वेळेला शून्य किंमत लावतात. उज्ज्वला योजनेत पाच किलोचा लहान सिलिंडरही घेता येतो. रोखीची अडचण त्यानं थोडी हलकी होते, तरी फार कमी लोक तो मागतात.

## "रानात पडलेलं वाळकं उचललं तर बिघडलं कुठं?"

बांधावरचं, स्वतःच्या शेतातलं उचललं तर काहीच नाही. वनहक्क कायद्यातही गौण वनोपजाच्या व्याख्येत झुडपी लाकूड आणि बुंधे येतात, पण तो हक्क त्या कायद्याखाली येणाऱ्या लोकांचा. कोयना आणि चांदोली मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. त्या हद्दीत सरपणासाठी शिरणं कायद्यानंही अडचणीचं आणि गवा-अस्वलापुढेही. आत जाण्याआधी वनरक्षकाला विचारणं सगळ्यात स्वस्त.

## मग चूल पेटवायची की नाही?

माझं उत्तर असं. आंघोळीचं पाणी उघड्या अंगणात, वाळलेल्या रानच्या लाकडावर, शक्यतो बंबात: खुशाल. दोन हजार उष्मांकांना गॅसवर रोज अठरा रुपयांच्या आसपास जातात, महिन्याला पाचशेच्या वर. ती बचत खरी आहे. रोजचा स्वयंपाक स्लॅबच्या बंद खोलीत चुलीवर: नको, लाकूड कितीही फुकट असलं तरी. रविवारी परसात चुलीवरची भाकरी आणि खरडा करायचा असेल तर त्याला माझ्यासारख्यानं नाक मुरडू नये. त्या भाकरीची चव निखाऱ्याच्या धगीची असते, धुराची नसते.

चुलीशिवाय गत्यंतरच नसेल तर धुराडं बसवा आणि वर्षातून दोनदा काजळी काढा. लाकूड मनगटाएवढं बारीक फोडा, भांड्यावर झाकण ठेवा, डाळ भिजवून घाला. लहान लेकरू मांडीवर घेऊन चुलीपुढे बसू नका. फलटणमध्ये यावर बरंच काम झालंय. 'आरती' या संस्थेनं उसाच्या पाचटापासून कोळसा करायची पद्धत बसवली, तिला २००२ मध्ये स्वच्छ ऊर्जेच्या कामासाठी दिला जाणारा ब्रिटनमधला ॲश्डेन पुरस्कार मिळाला. आपण तेच पाचट फडात पेटवून देतो, हा वेगळ्याच लेखाचा विषय.

मावशींकडे गेलो तेव्हा त्यांनी ओला गुलमोहर पेटवलाच होता. अंगण धुरानं भरलेलं, पाणी कोमट. दोन तुकडे उचलून एकमेकांवर आपटले, 'थप' असा आवाज आला. वाळलेलं असतं तर 'टण्‌' वाजलं असतं आणि टोकाला भेगा दिसल्या असत्या. म्हटलं, हे आता फोडा, विटांवर रचा, वरून पत्रा टाका, बाजू मोकळ्या ठेवा. दिवाळी झाली की बघू.

"दिवाळीपर्यंतचं म्हणून आणलं," मावशी फुंकणी बाजूला ठेवत म्हणाल्या, "आणि तुम्ही दिवाळीनंतर पेटवायला सांगता होय?"